टोपीखाली कोण हाय

माणसं आपल्या आठवणी सांगाया बसली की लहानपणापास्नं सुरू करत्यात. माझं लहानपण छप्पन वर्सं चाललं, त्यामुळं सुरू कुठनं करायचं ह्याचाच घोळ हाय. शाळा म्हणाल तर दुसरीपत्तूर. वर्गाची खिडकी रस्त्याच्या बाजूला हुती आन् रस्त्यानं उसाच्या गाड्या जायच्या. एक दिस ऊस वढायला मी खिडकीतनं बाहेर गेलो, ते परत दारानं आत आलोच न्हाय. गुरुजी घरी बोलवायला आले तर आमचे वडील त्यास्नी म्हणले, “ऱ्हाऊ द्या गुरुजी, वर्गात एक दगड कमी झाला, तेवढीच जागा.” पुढं मिसरूड फुटलं, लगीन झालं, पोरगं झालं, पोराचं बी लगीन झालं, पण वाढायचं काय ते ऱ्हाऊनच गेलं. मी वाढलो तो पेरूच्या शेडमदी, कोरियाच्या मालिका बघत. हसा. आमच्या सणसर गावामदी बी सगळी हसली.

शेड म्हंजी काय, घराला चिकटून चार खांब आन् वर पत्रा. दुपारची जेवणं झाली की तोडलेला माल तितं यायचा. सिंधू, म्हंजी आमची मंडळी, खाली पोतं टाकून बसायची, समोर सून पूजा. एकेक पेरू फडक्यानं पुसायचा, हातात तोलून बारका-मोठा वेगळा करायचा, क्रेटमदी कागद अंथरून रचायचा. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजायची, ऊन चढलं की पत्राच कडकड बोलायचा, मागं गोठ्यात म्हस साखळी वढायची. आन् पेरूचा वास असा, की बाजारात गेलो तरी माणसं वळून बघायची. मी काय करायचो? भरलेलं क्रेट उचलून टेम्पोत ठिवायचो, आन् मदल्या वेळात फुटका पेरू तिखट-मीठ लावून खायचो. बाग मी करतो, असं मला तवा वाटायचं. पाणी कवा तोडायचं, छाटणी कवा घ्यायची, फळाला पिशवी कवा घालायची, हे सिंधू मला सकाळी चहासंगं सांगायची, आन् दुपारपत्तूर मला वाटायचं की हे आपल्यालाच सुचलं.

पूजा बारामतीला बी.कॉम. झालेली. लग्नात तिनं फ्रीज-बिज काय आणलं न्हाय, पण कोरिया आणला. उपड्या क्रेटवर मोबाईल उभा करायची, मागनं एक कच्चा पेरू टेकू. खाली इंग्रजी अक्षरं पळायची. ती मला येत न्हाईत, मला मराठी बी पळताना धरता येत न्हाय. मग पूजाच पेरू पुसता पुसता सांगायची, आन् सांगायची ती आपल्या भाषेत. “राजा म्हणतोय, आरं ए, मान वर कर. ती म्हणती, न्हाय महाराज, माझी तेवढी पायरी न्हाय. प्रधान म्हणतोय, ह्याच्या आवाजात कायतरी गडबड हाय बगा.” त्यामुळं माझ्या डोक्यात कोरियाची सगळी राजेमंडळी बारामतीच्या मंडईतली बोली बोलत्यात. एकदा कुणाच्यातरी टीव्हीवर त्यांचा खरा आवाज ऐकला तर मला ते खोटं वाटलं.

पयली बघितली तिचं नाव मी ‘मापाडी’ ठिवलं. राजानं एका पोराला नेमणूक दिलेली, गावोगाव पाऊस किती पडला, नदीला पाणी किती चढलं, ते मोजून कळवायचं. पोरगं वाटंतच तापानं मरतं. घरी म्हातारा बाप, नेमणूक गेली तर जमीन गेली. मग बहीण त्याची उंच काळी टोपी घालती, हनुवटीखाली गाठ मारती, छातीला कापड आवळती आन् भाऊ हून राजवाड्यात जाती. तिला ढगातलं कळतं, मातीतलं कळतं. बाकीचे कारकून घरी बसून आकडे लिव्हत्यात, ही चिखलात उतरून मोजती. राजा तिच्याबिगर पान हलू देत न्हाय. दोघं एका चटईवर बसत्यात, एका ताटातलं खात्यात, आन् त्या येड्याला कळत न्हाय की ही बाई हाय.

हितंच माझं डोकं अडकलं. मी म्हणलं, “पूजा, ह्याला दिसत न्हाय व्हय? तिच्या हाताकडं बघ. मानंकडं बघ. माझी म्हस बी वळखंल.”

“मामा, मालिका हाय ती. टोपी घातली की वळखत न्हाईत, असा नियमच हाय.”

“असा कसा नियम? आन् ती लघवीला कुठं जाती?”

पूजानं पदर तोंडाला लावला. सिंधू म्हणली, “आवो, सुनंला काय इचारताय! जिथं जायचं तिथं जाती. तिचं काम बघा की.” मग हातातला पेरू उजेडात फिरवत म्हणली, “आन् वळखायला आदी बघावं लागतं. राजाला टोपीशी काम हाय. टोपी काम करती, मग खाली कोण हाय ह्याची त्याला काय पडलीया?”

मला वाटलं, ही राजाचं बोलती.

तर मला नादच लागला. किती तरी गोष्टींचं नवल वाटायचं. ती माणसं आपल्यागतच जमिनीवर मांडी घालून जेवत्यात. मोठ्यानं घास घेतल्याबिगर धाकला घेत न्हाय. जमीनच खालनं तापवत्यात, म्हंजी चूल तितं आन् ऊब हितं. कोबी तिखटात मुरवून रांजणात पुरत्यात. ते बघून मी सिंधूच्या मागं लागलो, तर तिनं घरचा कोबी, काळं तिखट आन् लसूण घालून बरणी भरली. चौथ्या दिशी झाकण उघडलं तर म्हस साखळी तोडून लांब जाऊन उभी ऱ्हायली. मी मात्र भाकरीसंगं खाल्लं, कारण मागणी माझी हुती. दोन दिस मला बी कुणी जवळ उभं केलं न्हाय.

आन् मग मी ज्याला त्याला सांगत सुटलो. आमच्या चौकात चहाची टपरी हाय, तितं आबा म्हणून माझे दोस्त बसत्यात, वयानं मोठे. त्यास्नी म्हणलं, “आबा, त्या बातम्या बंद करा आन् मापाडी बघा.” बारामतीच्या मार्केटात माल उतरवता उतरवता हमालांना सांगितलं. अजून बी सांगतो. तुमाला बघायच्या आसल्या तर माझं ऐका, कुठनं सुरुवात करायची ह्याला महत्त्व हाय. खरी नावं मला सांगता येत न्हाईत, तोंडात गरम बटाटा धरल्यागत होतं. पयली मापाडी बघा, ज्याच्या घरी शेती हाय त्याला ती लगीच कळती. मग ‘कागदवाली’ बघा. तिचा बाप मरतो आन् ती पोरगा हून कागदाची भट्टी चालवती. ती हसायला बरी हाय, कारण गावातली शेठाची पोरगी हिच्याच प्रेमात पडती. ‘तिरंदाजीण’ शेवटाला ठिवा. राजाच्या पहाऱ्यावरची तिरंदाजीण, जखम झाली तरी वैद्याला हात लावू देत न्हाय, कारण कापड सोडलं की कळणार. ती बघून माझं डोळं सुजलं. आबांना सांगितलं की कांदा चिरत हुतो. आबा म्हणले, “पेरूच्या शेडमदी कांदा कुठला रं?” आन् एक ध्यानात ठिवा, प्रत्येकीत एकदा तरी टोपी पडती, केस हळूहळू सुटत्यात, वारं नसलं तरी उडत्यात. तवा पेरू हातात धरू नका, माझ्या हातनं चांगला क्रेट सांडलाय.

त्याच काळात एक इपरीत चाललं हुतं, ते मला उमगत न्हवतं. माणसं मला मान द्यायला लागली. मार्केटात कुणीबी अनोळखी यायचा आन् वाकून म्हणायचा, “नाना, नमस्कार.” एक जण तर भिगवणवरनं ताजी चिलापी मासळी घेऊन आला, पिशवीत तडफडत हुती. म्हणला, “नाना, तुमी म्हणला तसं सुपारीएवढं फळ झाल्यावर पिशव्या घातल्या, एका फळाला डाग न्हाय.” मी म्हणलं, “मग! सांगितलं हुतं न्हवं!” कवा सांगितलं, कुणाला सांगितलं, काय बी आठवत न्हवतं. वाटलं, मी इतकं बोलतो, त्यात एखादं खरं निघालं आसंल. सिंधूनं त्या चिलापीला हळद-मीठ चोळून तव्यावर खरपूस केलं. मी तिला सगळं रंगवून सांगत हुतो, आन् ती उलथनं फिरवत नुसती “व्हय का?” म्हणत हुती. पूजा भिंतीकडं तोंड करून खोकत हुती.

मग एक दिस भिगवणचे तात्या आले. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, संगं दोन बागायतदार. हे तात्या मोबाईलवरच्या पेरूवाल्यांच्या ग्रुपचे मुख्य. मला त्या ग्रुपात रोपवाल्यानं घातलं हुतं, चार वर्सं झाली हुती. वाचता येत न्हाय म्हणून फोन घरीच सिंधूकडं ऱ्हायचा. मला वाटायचं, तितं फुलं आन् राम राम चालत आसंल. तात्या माझ्यासमोर अदबीनं बसले. “नाना, आपल्या ग्रुपचा मेळावा हाय भिगवणला. तुमचा सत्कार करायचं ठरलंय. आन् दोन शब्द मार्गदर्शन. तुमच्यावाणी माणूस न्हाय. रातीस घाबरून कुणी इचारलं तर सकाळी उजाडायच्या आत तुमचं उत्तर.”

मी म्हणलं, “आपलं कर्तव्यच हाय ते.” खरं सांगतो, लाज वाटली न्हाय. उलट छाती फुगली. मनात म्हणलं, बघा, गुणाची कदर कुठंतरी होतीच.

ती मंडळी चहा पिऊन गेली आन् पूजा पोत्यावर आडवी पडून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. “मामा, किती महिनं झालं इचारताय, राजाला कसं कळत न्हाय, राजाला कसं कळत न्हाय!” मग तिनं फोन घेतला आन् पार चार वर्सांमागचं वाचायला सुरुवात केली.

ती दुपार मी इसरणार न्हाय. टेम्पो यायचा हुता, क्रेट भरायचे हुते, आन् आमी तिघं बसून माझं बोलणं ऐकत हुतो, जे मी कवाच बोललो न्हवतो. “नानांनी” पयल्यांदा लिव्हलं ते एका माणसाच्या फळमाशीवर. दोन दिस तो इचारत हुता आन् कुणी उत्तर देत न्हवतं. सिंधूनं भाजी फोडणीला टाकून लिव्हलं, की पडकी फळं गोळा करून पुरा, बागंत कुजू देऊ नका, सापळे लावा. मग दुसऱ्यानं इचारलं. मग दहाव्यानं. पिठ्या ढेकणाचं, छाटणीचं, मुळं सडतात त्याचं. सगळं बापयागत, ‘मी करतो, मी बघतो’ असं लिव्हलेलं. आन् ती बोलणी अशी शांत, अशी मापात! एकाची सगळी बाग वाळली तर त्याला लिव्हलं हुतं, “आज झाडाकडं जाऊ नका. जेवा, झोपा. उद्या मुळं उकरून फोटो पाठवा, मग बोलू.” मी म्हणायचो, “पुढं?” पूजा वाचायची. मी परत, “पुढं?” इतका शाणा नाना कोण हाय, ह्याचं मला मालिकेपेक्षा नवल वाटत हुतं. मला त्या माणसाला भेटायचं हुतं. आन् तो माझ्यासमोर बसून खाली मान घालून पेरू पुसत हुता.

“अगं, मग तुझ्या नावानं का न्हाय लिव्हलं?” मी इचारलं.

“फोन तुमच्या नावाचा. आन् काकू, पाणी कवा सोडू, असं कुणी इचारलं असतं व्हय? दीडशे माणसं हायत तितं. एक बी बाई न्हाय.”

“मग आता सांगू की मेळाव्यात. सत्कार तुझा हाय.”

तिनं झटकन वर बघितलं. सिंधूला मी घाबरलेली फार वेळा बघितली न्हाय. इंचू धरून बाहेर टाकणारी बाई. “काय बी सांगायचं न्हाय. आवो, सकाळी उठल्यावर मला कुणीतरी कायतरी इचारतंय. सातवीला मी पयली आले हुते, त्या दिसापास्नं मला कुणी इचारलं न्हवतं. त्यास्नी कळलं की ते बंद व्हईल. तुमी जा, शाल घ्या, नारळ घ्या, दोन शब्द बोला आन् खाली बसा. मार्गदर्शन नको.”

मी शब्द दिला. माझ्या शब्दाचं काय सांगावं, तो मी लई जणांना दिलाय.

चार दिस तिनं मला शिकवलं. बोलायचं एवढंच: तुमी सगळी आलात, आनंद झाला, बाग पोरागत सांभाळा, राम राम. शेडमदी मी क्रेटवर उभा ऱ्हाऊन म्हणायचो आन् पूजा टाळ्या वाजवायची. कोरियात बाया टोपी घालून बापय होत्यात. हितं मी टोपी घालून शाणा होत हुतो, आन् त्याला लई मेहनत लागत हुती.

मेळावा हायवेकडंच्या एका मंगल कार्यालयात हुता. शंभरावर माणसं. बाया पाच-सहा, भिंतीकडंला वेगळ्या खुर्च्यांवर, कमिटीवाल्यांच्या घरच्या. त्यांच्यात सिंधू, जांभळं लुगडं, मांडीवर पर्स. फोन नेहमीगत तिच्याकडंच. मला फेटा बांधला. बांधणारा घाईत हुता आन् माझं डोकं गुळगुळीत, त्यामुळं फेटा पयल्यापास्नंच सरकत हुता. शाल दिली, नारळ दिला, माइक दिला. मी म्हणलं, तुमी सगळी आलात, आनंद झाला. टाळ्या. हितं बसायला पायजे हुतं. पण समोर शंभर माणसं, हातात माइक, आन् मी. मी त्यास्नी कोबीची बरणी आन् म्हस सांगितली. हाल हसून लोळाया लागला. मग मापाडी बघा म्हणून सांगितलं. मग तिरंदाजीण. सिंधू तिथनं हातानं खूण करत हुती, बसा, बसा. मला वाटलं, तिला जोर चढलाय, म्हणून अजून एक किस्सा सांगितला.

मग एक पोरगा उठला. तीस-बत्तीसचा, शर्टाची बटणं वरपत्तूर लावलेली, हातात कागद. “नाना, मी गणेश, लासुर्ण्याचा. पयलीच बाग हाय. एकच प्रश्न हाय. ताण देऊन पंधरा दिस झालं. पानं अजून हिरवीच हायत. वडील म्हणत्यात झाडं मरत्याल, आजच पाणी सोड. आमचं सगळं त्या बागंवरच हाय. सोडू का पाणी?”

ताण म्हंजी पेरूचं पाणी मुद्दाम तोडायचं. झाड तहानलं, पानं गाळली, की मग छाटून पाणी दिल्यावर एकदम कळी निघती. एवढं मला आज पाठ हाय. त्या दिशी मी त्या पोराच्या तोंडाकडं बघितलं, त्या बिचाऱ्या तहानलेल्या झाडांचा इचार केला, मला लई वाईट वाटलं, आन् मी म्हणलं, “सोड की बाबा! जीव हाय तो बी. आज घरी जाऊन भरपूर सोड.”

गणेशनं कागदावर लिव्हून घेतलं. दोघा-तिघांनी एकमेकांकडं बघितलं, पण नाना बोलले म्हणल्यावर गप बसले. आन् मग पयल्या रांगंत एक फोन वाजला. मग त्याच्या मागं दोन. मग सगळ्या हालात, खिशात, पिशवीत, मांडीवर, टिंग टिंग टिंग, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. तात्यांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला. “नानांचा मेसेज आलाय,” ते म्हणले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या एका हातात माइक हुता आन् दुसऱ्या हातात नारळ.

तात्यांनी मोठ्यानं वाचलं. “गणेश, पाणी सोडू नको. तुझी जमीन काळी असणार, पंधरा दिवसांत ताण बसत नाही. पानं पिवळी पडून निम्मी-अर्धी गळू देत. आत्ता पाणी दिलंस तर नुसता पाला फुटेल, कळी निघणार नाही. झाड मरत नाही, घाबरू नको. स्टेजवर जे सांगतायत ते ऐकू नको.”

हालातल्या माना एकेक करून फिरायला लागल्या, नानांचा फोन कुणाच्या हातात हाय ते हुडकत. सिंधूला फोन पर्समदी टाकायला येळ हुता. तिनं टाकला न्हाय. नाकावर चष्मा, मांडीवर उघडा फोन, अंगठा अजून काचंवर, अशी सरळ बसली हुती. तोंड मात्र पांढरं पडलं हुतं. मला एक जोक सुचला. चांगला हुता. आयुष्यात पयल्यांदा मी तो गिळला आन् म्हणलं, “चार वर्सं तुमाला सांगती ती ही, आमची सिंधू. मला खत कशाशी खात्यात ते बी ठाऊक न्हाय.” तिला हात करायला गेलो आन् फेटा सुटला. कोरियात टोपी पडली की लांब काळं केस सुटत्यात. हितं फेटा नाकावर आला, मग गळ्यात आला, आन् वर निघालं नुसतं टक्कल.

कुणीतरी मदनं बोललं, “म्हंजी आमी बाईच्या सांगण्यावर बागा धरल्या?”

सिंधू उठून उभी ऱ्हायली. “आल्या का न्हाय बागा? तेवढं सांगा.”

तात्या म्हणले, “बरं बरं, वहिनी, बसा. जेवणं करून घेऊ आता.” जेवणात बुंदी हुती. सिंधूनं ताटाला हात लावला न्हाय.

त्यानंतर ग्रुपमदी कुणी काय बी इचारलं न्हाय. फुलं आली, राम राम आलं, कुणाच्यातरी नातवाचा वाढदिवस आला. फोन पिठाच्या डब्यावर ठिवलेला असायचा. सिंधू भाकरी थापताना हात पुसून बघायची, परत ठिवायची. मी दहा येळा म्हणलं, “अगं, माझ्यामुळं झालं. मी बसलो असतो तर...” ती म्हणायची, “तुमी बसला नसता. लगीन झाल्यापास्नं बघती.” शेडमदी पूजानं मोबाईल लावला तर त्यात नेमकी तिरंदाजीण पकडली जाऊन कोठडीत बसली हुती. सिंधू म्हणली, “बंद कर ते.” मग नुसत्या चिमण्यांची नखं ऐकत आमी पेरू पुसायचो. मी जोक करत न्हवतो. म्हातारपणी आता वाटतं, घर इतकं गप मी एकदाच ऐकलं, आन् त्यात माझा हात हुता.

तीन-एक आठवडं गेलं आसत्याल. सकाळी फोन वाजला. सिंधूनं कणीक मळलेल्या हातानंच कानाला लावला. मला लांबनं बी ऐकू आलं, “काकू, गणेश बोलतोय, लासुर्ण्याचा. पानं गळली. तुमी मागं ग्रुपात लिव्हलं हुतं तसं केलं, छाटणी घेतली, खत घातलं. वडील रोज भांडत्यात. पाणी सोडायच्या आदी तुमी येऊन एकदा डोळ्याखालनं घालाल का?”

मोटरसायकल मी चालवली. ती मागं, पर्स पोटाशी धरून. गणेशच्या दारात उतरलो तर चार-पाच बापय आदीच उभे. शेजारचे बागवाले बी आले हुते. त्याचा बाप लांब बांधावर पाठ करून बसलेला. सगळी सिंधूच्या मागनं बागंत गेली. मी बी निघालो तर गणेशची आई म्हणली, “पावणं, तुमी बसा, उन्हात कशाला?” मला अंगणात घोंगडं टाकलं, चहा दिला, आन् बाया मेथी निवडत हुत्या तर एक जुडी माझ्याफुडं बी सरकवली. मी निवडायला लागलो. शेजारची एक म्हातारी आली, म्हणली, “हे कोण?” गणेशची आई म्हणली, “पेरूच्या बाई आल्यात न्हवं का, त्यांचं मालक.”

“तुमी काय करता?” म्हातारीनं मला इचारलं. मला हे आजपत्तूर कुणी इचारलं न्हवतं, बघूनच कळायचं.

“गाडी चालवतो,” मी म्हणलं, “आन् मेथी निवडतो.”

तिनं माझ्याफुडची मेथी हातानं उचकली. “मेथी येत न्हाय तुमाला.” सगळ्या बाया हसल्या. मला उत्तर सुचत हुतं, पण तेवढ्यात रांगांमदनं सिंधूचा आवाज आला. मोठा आवाज. घरात ती इतक्या मोठ्यानं कधी बोलली न्हवती, का बोलली आसंल तर मी मदीच कायतरी बोलून हसवलं आसंल. ती एकेका झाडापशी थांबत हुती, फांदी वाकवल्याचा करकर आवाज येत हुता, ती म्हणत हुती, हे बघा, ही कांडी आतनं हिरवी हाय, बाहेरनं वाळलीय, म्हंजी ताण बसला. आन् बापय गप ऐकत हुते. गणेशचा बाप बांधावरनं उठला आन् तिकडं चालत गेला. मी हातातली काडी तशीच धरून बसलो. म्हातारी कायतरी म्हणली, मी तिला हातानं थांबवलं.

“बाई,” गणेशच्या बापाचा आवाज आला, “मग सोडू पाणी?”

अजून एक फांदी करकरली.

“सोडा,” सिंधू म्हणली. आन् लांब इहिरीवर मोटर चालू झाली.